रुई, अडीच आणि सातशे शहाऐंशी

आमच्या दालच्यात रुई असायची. अम्मी कितीही झाकपाक करो, ताट वाढेपर्यंत एखादा तंतू येऊन बसायचाच. तो बोटाने उचलायचा, ताटाच्या काठाला पुसायचा आणि मग घास घ्यायचा, ही आमची जेवायची रीत होती. पाहुण्यांना ते चमत्कारिक वाटायचं. अब्बांची बहीण, माझी फुफी, अमरावतीहून आली की आधी ताटाकडे बघायची, मग अम्मीकडे, आणि अम्मी म्हणायची, "खा न आपा, कापूसच हाय, केस थोडीच हाय." आता मी अमरावतीत वरच्या मजल्यावर राहते. इथं रुईचा तंतू शोधून सापडायचा नाही. तरी भाजी उतरवली की माझा हात आपोआप झाकणाकडे जातो, पाण्याच्या पेल्यावरसुद्धा मी बशी ठेवते. सून हसते. हसू दे. या वयात हाताच्या सवयी बदलायचा मला कंटाळा येतो.

अकोल्याला अकोटफैलात आमचं पुढे दुकान आणि मागे घर होतं, मध्ये गोणपाटाचा पडदा. पडद्यापलीकडे रुई पिंजायचं मशीन. ते सुरू झालं की आधी फळीवरची भांडी थरथरायची आणि मग आवाज यायचा. बोलायचं ते ओरडून, म्हणून आमच्या घरची माणसं आजही फोनवर भांडल्यासारखी बोलतात. भाषेचंही आमच्याकडे काही ठरलेलं नव्हतं. अम्मी आणि अब्बा उर्दूत भांडायचे आणि वऱ्हाडीत समेट करायचे. आम्हा भावंडांना जे कानावर पडेल ते बोलायची मोकळीक होती. वीज गेली की मशीन एकदम थांबायचं, आणि त्या शांततेत अब्बांचा खोकला ऐकू यायचा. एरवी तो आवाजात झाकला जायचा. त्यामुळे लहानपणी मला वीज गेलेली मुळीच आवडायची नाही.

आम्ही पिंजारी. अब्बांनी तरुणपणी खांद्यावर रुई पिंजायची धनुकली टाकून चांदूर रेल्वेपासून मूर्तिजापूरपर्यंत गावोगाव गाद्या पिंजल्या होत्या. ती धनुकली पुढे दुकानाच्या भिंतीवर टांगलेली असायची, तार सैल पडलेली. नंतर मशीन आलं, आणि मशीनच्या धुरळ्याने अब्बांच्या छातीत घर केलं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं की आता मशीनपाशी उभं राहायचं नाही. मग मशीन सलीमकडे, म्हणजे माझ्या भाईजानकडे गेलं, आणि अब्बांकडे काटा राहिला. छताच्या लाकडाला टांगलेला मोठा लोखंडी काटा, एका बाजूला वजनं आणि दुसऱ्या बाजूला रुईचं टोपलं. त्याच्या शेजारी जुन्या गादीच्या तुकड्यावर अब्बा बसायचे. आलेल्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी लिहायची, चिठ्ठीबरहुकूम रुई तोलून गाद्या-रजया भरणाऱ्या बायकांच्या हवाली करायची, एवढंच काम. पण गिऱ्हाईक दारातून आलं की काट्याकडे बघून "सलाम चाचा" म्हणायचं, मशीनकडे बघून कुणी काही म्हणत नसे. अब्बांचा सगळा जीव त्या हातभर जागेत होता. ती गेली असती तर पडद्याआड खाटेवर पडून खोकण्याशिवाय त्यांना दुसरं काही उरणार नव्हतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

त्यांच्या चिठ्ठ्यांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे. चिठ्ठीच्या माथ्यावर आधी सातशे शहाऐंशी, उर्दू आकड्यांत. आमच्यात काहीही लिहायला घेतलं की बिस्मिल्लाच्या जागी ते लिहितात. कागद पायदळी जाण्याची भीती असते, म्हणून अल्लाचं नाव पूर्ण न लिहिता हा आकडा. त्याखाली गिऱ्हाइकाचं नाव. त्याखाली एकेका ओळीत काय भरायचं आणि त्याला किती किलो रुई लागेल ते. गादी ८. उशी पाऊण. रजई अडीच. पुरे किलो असले तर आकडा, आणि पाऊण, सव्वा, दीड, अडीच असलं तर अक्षरं. असं का, हे मी कधी विचारलं नाही. त्यांच्या वडिलांनी तसं लिहिलं असेल. संध्याकाळी अब्बा तारेला टोचलेल्या चिठ्ठ्या एकदा वरून खाली बघायचे आणि भाईजानला सांगायचे, उद्या जिनातून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातून, इतकी रुई आण. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टोपल्यात मूठ-दोन मूठ रुई उरायची. ती अम्मी दिव्याच्या वातींसाठी शेजारच्या कुळकर्णी काकूंना द्यायची.

मी तेव्हा अमरावतीला फुफीकडे राहून कॉम्प्युटरचा कोर्स करत होते. शनिवारी पॅसेंजरने अकोला, सोमवारी सकाळच्या गाडीने परत बडनेरा, आणि तिथून अमरावती. फुफीच्या घरी सगळं स्वच्छ आणि शांत असायचं, इतकं की सुरुवातीला मला झोप लागत नसे. कॉम्प्युटर तेव्हा काळ्या पडद्याचे आणि हिरव्या अक्षरांचे होते. मास्तर शिकवायचे, आम्ही मुली घाबरत घाबरत टाइप करायचो. पहिली गोष्ट डोक्यात बसवायची ती अशी की आपण जे टाइप करतो ते सगळं मशीनच्या लेखी अक्षरंच असतात. चार हा आकडा टाइप केला तरी तो आधी एक अक्षर असतो, चित्र म्हणा. त्याची बेरीज होत नाही. त्या चित्राचा खरा आकडा करून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मशीनमध्ये एक आयती सोय होती. तिच्या तोंडात अक्षरं टाकायची, ती आकडा बाहेर काढून देते. मला ती सोय फार आवडली होती.

भाईजानने त्या वर्षी नागपूरहून एक वापरलेला कॉम्प्युटर आणला. कशाला, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. मोठ्या दुकानांत दिसायचा म्हणून आणला असेल. तो काट्याच्या समोर टेबलावर बसवला आणि अम्मीने त्यावर रुई बसू नये म्हणून जुन्या ओढणीचं आच्छादन शिवलं. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले तर भाईजान म्हणाला, "शम्मो, शिकून राहिली न तू? मंग याले कामाले लाव." मी दोन-तीन दिवस बसून प्रोग्रॅम लिहिला. साधाच होता. चिठ्ठी वरपासून खालपर्यंत जशीच्या तशी इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. त्यात नावं असतील, शब्द असतील, आकडे असतील, सगळं मिसळलेलं. मशीनने एकेक तुकडा घ्यायचा, त्या सोयीच्या तोंडात टाकायचा, आकडा निघेल तो बेरजेत धरायचा. नावातून काही आकडा निघत नाही, शून्य निघतं, आणि शून्य मिळवल्याने कुणाचं काही बिघडत नाही. असा माझा हिशेब होता.

पहिल्या संध्याकाळी सगळं घर पडद्यासमोर जमलं. अम्मी हातातलं पीठ न धुता आली. मी दिवसभराच्या चिठ्ठ्या टाइप केल्या, बटण दाबलं आणि उद्या किती रुई आणायची तो आकडा आला. हजारोंत.

"बाप्पा!" भाईजान म्हणाला. "एवढी रुई तं पुऱ्या अकोल्याले झोपवून उरन."

अब्बा हसले, हसता हसता खोकले, आणि खोकला थांबल्यावर म्हणाले, "काय झालं वं?"

मला लगेच कळलं होतं. "अब्बा, थे वरचं सातशे शहाऐंशी बी यानं रुईतच धरलं. हरेक चिठ्ठीचं."

"थे रुई थोडीच हाय?"

"त्याले काय समजते? आकडा दिसला का घेते."

"अब्बा, सोपं हाय," भाईजान म्हणाला. "वरचं लिवूच नोका."

अब्बांनी वरची चिठ्ठी तारेवरून काढून एकदा बघितली. मग त्याला नाही, मला विचारलं, "याले खरंच नाई समजत का शम्मो?"

"नाई समजत," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठ्या नावापासून सुरू झाल्या. फक्त माथ्यावर बोटभर जागा ते कोरी सोडायचे. प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करता आली असती, पहिली ओळ सोडून दे एवढंच सांगायचं होतं. पण सुट्टी सरत आली होती, मला अमरावतीचे वेध लागले होते, आणि भाईजानचा उपाय तिथल्या तिथे लागू पडला होता. बेरीज आता शहाण्यासारखी यायला लागली. शहाण्यासारखी दिसणारी बेरीज पुन्हा कुणी तपासत नाही. मी भाईजानला टाइप करायला शिकवलं आणि गाडीत बसले.

आता हे लिहिताना मला मी शिकवते त्या कॉलेजातली मुलं आठवतात. निवृत्तीला आले तरी पहिल्या वर्षाचा वर्ग अजून माझ्याच गळ्यात आहे. दर वर्षी मी तेच उदाहरण देते. एक यादी आहे, तिच्यात आकड्यांसारखी दिसणारी अक्षरं आहेत, खरे आकडे आहेत आणि शब्दही आहेत. जे आकडे होण्यासारखे असतील त्यांचे आकडे करा आणि बाकीच्यांना धक्का लावू नका. मुलं हुशार आहेत, दोन ओळींत करून टाकतात. हल्लीचं मशीन शब्दाचा आकडा करायला सांगितलं तर अडून बसतं, चूक दाखवतं. मग मुलं अजून एक ओळ लिहितात, की चूक आली तर गप्प बस आणि पुढे जा. मी विचारते, गप्प बसवलेलं गेलं कुठं? "मॅडम, चालून राहिला न प्रोग्रॅम," असं म्हणतात. मी पूर्वी यावर तासभर बोलायचे. आता पाच मिनिटं बोलते आणि खुर्चीत बसते.

थंडी पडली. परीक्षेमुळे मी बरेच शनिवार घरी गेले नाही. गेले तेव्हा दुकानात लगीनसराईची गर्दी होती, मशीनचा आवाज होता, आणि काट्याशेजारी गादीच्या तुकड्यावर भाईजान बसला होता. मशीनवर एक नवा माणूस ठेवलेला. मला वाटलं अब्बा नमाजला गेले असतील. पडदा सारून आत आले तर अब्बा अंगणाच्या कडेला खाटेवर पाठमोरे बसलेले, अंगावर शाल. मी सलाम केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि "आली का बेटा" एवढंच म्हणाले.

अम्मी चुलीपुढे अंबाडीची भाजी घोटत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. काही विचारावं लागलं नाही.

"तुह्या भावानं आज सकाळीच काट्यावरून उठवलं त्याईले," ती घोटता घोटता म्हणाली. "भांडून नाई उठवलं, गोडीत उठवलं. म्हून जास्त लागलं."

झालं होतं ते असं. रजयांचे दिवस आल्यापासून रुई रोज कमी पडायला लागली. कॉम्प्युटर सांगेल तेवढी रुई भाईजान सकाळी जिनातून तोलून आणायचा, आणि संध्याकाळी रजया भरायच्या राहायच्या, टोपलं रिकामं. पलीकडच्या गल्लीतल्या वकीलसाहेबांच्या मुलीचं लग्न होतं. तिच्यासाठीच्या रजया शेवटी होती तेवढ्या रुईत ओढून ताणून भरल्या. वकिलीणबाईंनी दुकानातच रजईवर तळवा दाबून बघितला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चाचा, रजई हाय का चादर हाय हे? तुमच्या हातचं असं कधी पाह्यलं नाही." अब्बांनी मान खाली घातली. त्यानंतरही दोन गिऱ्हाइकांचं तसंच झालं.

भाईजानला मी दुकानात जाऊन विचारलं तर तो नव्या माणसाला मशीन बंद करायला सांगून काट्यापासून उठला. त्याच्या पापण्यांवर रुई होती आणि डोळे लाल. वाईट माणूस नव्हता तो, थकलेला होता. "तूच सांग मंग," तो म्हणाला. "कंपूटर सांगते तेवढी मी आणतो. आणताना दोनदा तोलतो. इथून तं रुई कोणी चोरून नाई राहिलं. मंग जाते कुठं? पह्यल्या गिऱ्हाइकाले जास्ती जाते, म्हून शेवटच्याले पुरत नाई. अब्बाचा हात सैल झाला शम्मो. नजर ठरत नाई काट्यावर. मी त्याईले बोल नाई लावून राहिलो, वयच झालं."

 त्याच्या बोलण्यात कुठं खोट काढावी असं नव्हतंच. कॉम्प्युटर चुकत असेल हे माझ्याही मनात आलं नाही, आणि मी तर तो शिकत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मी उठून अंगणात आले तर अब्बा अम्मीचा डाळ-तांदळाचा छोटा तराजू घेऊन बसले होते. समोर सुपात तुरीची डाळ. मूठभर डाळ घ्यायचे, डोळे मिटून हातात जोखायचे, मग पारड्यात टाकायचे. काटा थांबला की चष्मा काढून बघायचे, पुन्हा चष्मा लावून बघायचे, आणि डाळ परत सुपात ओतायचे. किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक. मी त्यांच्या पाठीशी उभी होते. त्यांना चाहूल लागली तेव्हा ते ओशाळले, चोरी सापडल्यासारखे. मग म्हणाले, "पाय बरं शम्मो, दोनी पारडे बराबर दिसतात का तुले?"

"बराबर हाय अब्बा."

"तुले बी बराबर दिसते?" त्यांनी पुन्हा विचारलं. "मले वाटलं, मलेच तसं दिसून राहिलं."

 ज्या माणसाने जन्मभर तोललं तो स्वतःच्या डोळ्यांची साक्ष एका पोरीकडून घेत होता. मी तशीच दुकानात गेले. भाईजान रुई आणायला गेला होता. मी कॉम्प्युटरवरची ओढणी काढली आणि तारेच्या चिठ्ठ्या खाली ओढल्या. काय शोधतेय ते मलाही माहीत नव्हतं. पहिल्या चिठ्ठीत नुसतीच एक रजई होती. नाव टाइप केलं, रजई टाइप केलं, अडीच टाइप केलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर शून्य आलं.

मला वाटलं बटण चुकलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा शून्य. गादी आठ असं टाइप केलं, आठ आले. उशी पाऊण, शून्य. दीड, शून्य. सव्वा, शून्य. मग मी तशीच हात मांडीवर ठेवून बसून राहिले. त्या सोयीच्या तोंडात आकड्याचं चित्र टाकलं की आकडा निघत होता, आणि शब्द टाकला की शून्य. नावाला शून्य, गावाला शून्य आणि अडीचलाही शून्य. अब्बांच्या लेखी अडीच हा आठाइतकाच पक्का होता, मशीनच्या लेखी ते कुणाचं तरी नाव होतं. दिवाळीत एखाददुसरी उशी सोडली तर सगळं काम गाद्यांचं, पुऱ्या किलोंचं, म्हणून तेव्हा कळलं नाही. थंडीत रजया आल्या आणि दर रजईमागे अडीच किलो रुई मशीनने न बोलता गाळली. सातशे शहाऐंशी मोठ्याने चुकलं होतं, म्हणून ते आम्ही लगेच पकडलं. हे चुपचाप चुकत होतं.

भाईजान आला तेव्हा मी त्याला पडद्यापुढे बसवून दाखवलं. चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे हे पहिल्या वाक्यातच सांगून टाकलं, त्यामुळे ते ओझं काही मी वागवत बसलेली नाही. त्याने पडद्यावरच्या शून्यावर बोट ठेवलं.

"समजलं नाई तं मंग बोलली कावून नाई मशीन?"

"समजलं नाई का थे शून्य धरते."

"अन् सांगत नाई?"

"नाई."

त्याने मानेवरची रुई झटकली, ती पुन्हा मानेवरच बसली. "मी तं बोललो न अब्बाले," तो म्हणाला, आणि उठून उगाच वजनं एकावर एक रचायला लागला.

मी आत गेले. अब्बांच्या पुढ्यात बसून सांगितलं, "अब्बा, तुमचा हात बराबर हाय. काटा बी बराबर हाय. कंपूटरले अडीच समजत नव्हतं, थो कमीच रुई सांगून राहिला होता." मला वाटलं होतं ते रागावतील, भाईजानला हाक मारतील, निदान हसतील. मला त्यांनी रागवावं असंच वाटत होतं.

"असन," अब्बा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण मले बी वाटाले लागलं होतं." आणि सुपाकडे बघून त्यांनी विचारलं, "मंग हे डाळ ठेवून देऊ?"

तो रविवार मी कॉम्प्युटरपुढे काढला. वीज जायची, यायची. वीज गेली की मी कागदावर लिहायचे. मशीनला पाऊण शिकवला, सव्वा शिकवला, दीड, अडीच, साडेतीन, सगळे शिकवले. एकेक तुकडा आकड्यांनीच बनला आहे का, हे आधी अक्षर न् अक्षर तपासायला लावलं. बनला असेल तरच आकडा कर, शिकवलेला शब्द असेल तर त्याचं वजन घे, आणि यातलं काहीच नसेल तर शून्य धरून पुढे जाऊ नको, थांब आणि विचार. नावापाशी आणि गादी, रजई या शब्दांपाशीही ते थांबून विचारायला लागलं, तर नावाची ओळ वेगळी केली आणि ते शब्दही शिकवले. शेवटी पहिल्या ओळीकडे आले. पहिल्या ओळीत जे असेल ते जसं आहे तसं राहू दे, आकडा दिसला तरी. अम्मी दोनदा जेवायला बोलावून गेली. शेवटी तिने तिथेच भाकरीवर भाजी घालून आणून दिली, आणि मी रुईसकट खाल्ली.

परवा सहज घरी बसून एक गंमत केली. आताच्या मशीनला मराठी आकडे समजतात, उर्दूही समजतात, हे एका विद्यार्थिनीने मला वर्गात दाखवलं होतं. मी अब्बांच्या आकड्यांत सातशे शहाऐंशी लिहिलं आणि बटण दाबलं. मशीनने ते बिनचूक वाचलं आणि बेरजेत धरलं. इतक्या वर्षांत ते उर्दू वाचायला शिकलं, आणि तरी घोटाळा तोच. मला हसू आलं, मग पाठ दुखायला लागली म्हणून आडवी झाले.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी गाडीच्या आधी मी दुकानात आले. भाईजान गादीच्या तुकड्यावर नव्हता, मशीनपाशी होता. त्याने पडदा सारून आत हाक मारली, "अब्बा, या जी. गिऱ्हाईक थांबून राहिलं." दुसरं काही बोलला नाही. माफी वगैरे मागायची आमच्या घरात पद्धत नव्हती. अब्बा शाल सावरत आले, काट्याच्या साखळीला हात लावून बघितला आणि आपल्या जागेवर बसले. गिऱ्हाईक म्हणालं, "सलाम चाचा, तब्येत बरी नव्हती का?" अब्बा म्हणाले, "हाव, जरा नरम होती."

चिठ्ठी गुडघ्यावर घेतली, पेन्सिल काढली. नावाच्या जागी पेन्सिल गेली, तिथून ती वर माथ्यावरच्या कोऱ्या जागेत आली आणि थांबली. अब्बांनी माझ्याकडे बघितलं.

"लिवू का?" त्यांनी विचारलं.

माझ्या अब्बांनी, मला. मी म्हटलं, "लिवा अब्बा, आता काई नाई होत." त्यांनी सावकाश लिहिलं. मी ती चिठ्ठी वरपासून खालपर्यंत टाइप केली. बेरीज बरोबर आली, आणि माथ्यावरचं माथ्यावरच राहिलं. गाडीत बसल्यावर बडनेऱ्यापर्यंत मला वाटत होतं की सगळं जिथल्या तिथे गेलं.

अब्बा त्यानंतर दोन-तीन हिवाळे त्या जागेवर बसले. ते गेल्यावर कधीतरी अम्मीने सांगितलं, तेही अंबाडी घोटतानाच, की शेवटपर्यंत प्रत्येक चिठ्ठीच्या वेळी त्यांचा हात तसाच थांबायचा. लिवू का, असं विचारायला मी तर समोर नसायचे, अमरावतीला असायचे. म्हणून लिहिण्याआधी ते एकदा समोरच्या कॉम्प्युटरकडे बघायचे.